एक जास्तीचा

जेलरोडच्या प्रेसमध्ये मी नोटा तपासतो,
अठ्ठावीस वर्षं.
गड्डीत शंभर म्हणजे शंभर.
एक कमी निघाली तर चौकशी,
एक जास्त निघाली तर त्याहून मोठी चौकशी,
दरवाजे बंद, डबेसुद्धा उघडून बघतात.

म्हणून डॉक्टर वडनेरे म्हणाले,
"शेहेचाळीस असतात, तुमच्यात सत्तेचाळीस,"
तेव्हा माझ्या तोंडून निघालं,
"कुठल्या पाळीत झालं हे?"
ते हसले. कुमुद हसली नाही.
आम्ही मूल का होत नाही एवढंच विचारायला गेलो होतो.
कॉलेज रोडच्या त्या जिन्याला बावीस पायऱ्या,
उतरताना तिनं माझा हात धरला होता की मी तिचा,
यावर आम्ही अजून भांडतो.

शाळेत मी रांगेत शेवटचा, ताडमाड.
आई सांगायची, मामावर गेलाय.
मामा पाच फूट दोन.
मे महिन्यात पोरं होळकर पुलावरून गोदेत उड्या टाकायची,
मी बनियन घालून पायरीवर,
सगळ्यांच्या चपला सांभाळत.
माझ्या छातीवर जे होतं त्याला माझ्याकडे नाव नव्हतं.
पोरांकडे होतं.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं:
हाडं ठिसूळ होतील, जपा.
पायाच्या शिरेत रक्त गोठू शकतं, पाळीभर उभे राहू नका.
साखर बघत राहा.
आणि छातीत गाठ लागली तर लाजून घरी बसू नका,
हे मात्र त्यांनी लिहिलं नाही,
पेनाचं टोपण लावत म्हणाले.
आयुष्य?
"सरासरीनं थोडं कमी. दोन वर्षं, कुणाचं चार.
सरासरी गर्दीची असते हो, एकट्याची नसते."

मी मोजणारा माणूस.
दोन वर्षं, पण कुठल्या टोकाची?
शेवटची असतील तर खुशाल न्या,
तेव्हा तसेही दात नसणार.
पण मधली असतील,
गंगापूर धरणाच्या भिंतीवर कुमुद भाजकं कणीस खात
काहीच न बोलता बसली होती ते वर्ष असेल,
तर नाही देणार.

शरणपूर रोडला सिस्टर रूथ तीन महिन्यांनी सुई देतात.
"चिडचिड वाढली का? मग तारीख आलीच," म्हणतात,
कॅलेंडर न बघता.
डाव्या पोटरीला पट्टा.
मणक्याचा फोटो दर दोन वर्षांनी,
त्यात मी जुन्या जाळीसारखा दिसतो.
आणि दर एक तारखेला, पगाराच्या दिवशी,
मोरीची कडी लावून, साबणाच्या बोटांनी
छाती चाचपतो, गोल गोल, काखेपर्यंत.
दवाखान्यातल्या तक्त्यावर बाई काढलेली आहे.
तिच्याकडूनच शिकलो.

खराब नोट काढून टाकली की तिच्या जागी
आकड्याआधी चांदणी असलेली नोट घालतात.
मोल तेवढंच.
तरी दुकानदार उजेडात धरून
उलटसुलट करतात, परत देतात.

यंदा आमच्या विभागात पवन खैरनार आलाय.
वीस-एकवीसचा. दारात वाकून येतो.
बाहेर बेचाळीस अंश, आत पोराच्या अंगात
शर्टाखाली शर्ट,
आणि हाताची घडी, सदानकदा, छातीशी.
कुणीतरी मागून काहीतरी म्हणालं, बाकीचे खिदळले.
तो शब्द मला ओळखू आला,
चाळीस वर्षांत बदललेला नाही.

असेल, नसेल. उंच पोरं खूप असतात.
मला ते कळायला मी काही डॉक्टर नव्हे.
पण मला कळलं तेव्हा मी चौतीसचा होतो,
हाडांनी तोवर बरंच देऊन टाकलं होतं.

पाळी सुटल्यावर बिटको चौकात त्याला गाठलं.
दोन चहा सांगितले.
कसं सुरू करायचं ते सुचेना,
ग्लास हातात तापत राहिला.
शेवटी म्हणालो,
"पोहायला येतं का रे तुला?"

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"मी कपडे सांभाळायचो."